जीपला दिलेलं आवतन

आमच्या बरडावर कधी काही पिकलं नाही. कुसळं उगवायची, तरोटा उगवायचा आणि मधूनमधून भावकीतली भांडणं. वर मुरूम, खाली मुरूम, आणि मधोमध एक खोल घळ. सासऱ्यांनी जन्मभर त्या जमिनीला शिव्या दिल्या आणि जाताना तीच माझ्या नवऱ्याच्या वाट्याला ठेवली. नवरा तेव्हा पुण्याकडे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होता. तिथल्या साहेब लोकांच्या संगतीनं त्याला एक नाद लागला होता. चारही चाकांना जोर असलेल्या जीपा घ्यायच्या, सुट्टीच्या दिवशी डोंगरात नेऊन चिखलात घालायच्या, आणि मग त्या बाहेर काढायच्या. मी विचारलं, मुळात घातल्याच नाहीत तर? तो म्हणाला, तुला नाही कळायचं.

खरंच नाही कळलं. आमच्याकडे माणूस जन्मभर चिखल चुकवत जगतो. काळ्या रानात पाणी पडलं की चपला हातात घ्यायच्या आणि बांधाबांधानं जायचं. कुणाची गाडी फसली तर दोन पिढ्या त्याचं नाव निघतं. आणि ही मंडळी कुठून कुठून येणार, सकाळी लोणारचं सरोवर पाहणार आणि दुपारी मुद्दाम फसायला आमच्या बरडावर येणार. नवऱ्यानं नोकरी सोडली, गावी परतला, जेसीबी लावून बरडावर खड्डे काढले, उंचवटे केले, पाणी सोडून चिखल केला, जीपा फिरवायचा ट्रॅक आखला आणि बीबी गावाच्या रस्त्यावर बाण काढलेली 'जीप पार्क'ची मोठी पाटी लावली. पहिल्या रविवारी सगळं गाव बांधावर बसून ते बघत होतं. एक म्हातारा शेवटी न राहवून म्हणाला, "काऊन बे, तिकून चांगला रस्ता आहे ना!"

पाटीवर खाली आणखी एक ओळ होती, "चुलीवरचं जेवण मिळेल." ते जेवण म्हणजे मी. घरात गॅस आहे, पण पाहुण्यांना धूर लागतो. शनिवारी आणि रविवारी मी पत्र्याच्या शेडमध्ये चुलीपुढे बसते, भाकरी थापते, पिठलं हाटते, ठेचा वाटते. कुणीतरी मोबाइल पुढे करून म्हणतं, "ताई, जरा इकडे बघा ना." मी बघते. कुणी विचारतं, "किती शांत आहे नाही इथे?" मी हो म्हणते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा.

माझं माहेर त्या बरडाच्या पलीकडे आहे. ट्रॅकच्या सगळ्यात उंच टेकाडावर उभं राहिलं की माहेरच्या मारुतीच्या देवळाचा कळस दिसतो. रोज दिसतो. पण मधे घळ आडवी, त्यामुळे जायचं तर फाट्यावर यायचं, एसटी धरायची, बीबीला उतरायचं आणि दुसऱ्या एसटीची वाट बघायची. त्यात सुट्ट्या, सणवार सगळे पाहुण्यांचे. नागपंचमीला पाहुणे, राखीला पाहुणे. माहेरी आई नाही, वडील एकटेच, म्हणून जीव जास्तच तुटायचा. टेकाडावर कपडे वाळत घालायला जायची आणि कळस बघून परत यायची.

पार्क सुरू करताना घरची बैलजोडी विकली. गोठा झाडून घेतला, फरशी केली आणि तिथे जीप उभी राहिली. सासूबाई त्यानंतर माझ्याशी कामापुरतं बोलायला लागल्या. त्यांच्या मनानं घेतलं होतं की सुनेनं लेकाचे कान भरले आणि बैल घालवले. आता या घरात मला विचारून फक्त भाजीत मीठ पडतं, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण लेकाला बोलता येत नाही तेव्हा सून कामाला येते.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी वडिलांचा फोन आला. ते फोनवर फार बोलत नाहीत. म्हणाले, "बाई, या पोळ्याले ये. जोडी पुढच्या बाजारात देऊन टाकतो. आता हात चालत नाही माहा. पोळा फुटाच्या आधी ये, म्हंजे तुह्या हातची पोळी खातीन ते."

त्या जोडीतला एक बैल माझ्या डोळ्यांदेखत जन्मला होता. लग्न ठरलं तेव्हा तो वासरू होता आणि माझ्या हातातलं चाटायचा. मी नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं, "पोळ्याले एकबी गाडी नको ट्रॅकवर. मी जानार आहे."

"नाही येत कोनी," तो म्हणाला. "अन म्याच नेऊन घालतो तुले."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. बैलाच्या खांद्यावर जिथे वर्षभर जू घासतं, तिथे लोणी आणि हळद चोळायची आणि हात जोडून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. एकदा हे आवतन दिलं की दुसऱ्या दिवशी तो बैल पाहुणा. त्याला जू नाही, चाबूक नाही, कामाचं नावसुद्धा नाही.

आमच्याकडे बैल नव्हते. तरी त्या संध्याकाळी सासूबाई लोण्याची वाटी घेऊन गोठ्याकडे निघाल्या. मी दारातून बघत होते. त्यांनी जीपच्या बोनेटवर आधी पाणी शिंपडलं, पदरानं पुसलं आणि मग दोन्ही बाजूंनी लोणी-हळद चोळली, बैलाचे दोन खांदे असतात तशी. हात जोडून म्हणाल्या, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

नवरा धावत आला आणि मोबाइल काढून त्याचं शूटिंग करायला लागला. हसू आवरत नव्हतं त्याला.

"हसू नको," सासूबाई म्हणाल्या. "बैलाची जागा घेतली तं बैलाचा मानबी देनं लागते. उद्या तिले हात लावाचा नाही."

तो "हाव, हाव" म्हणाला. माझा नवरा हो म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो की त्याला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी पुरण घातलं, पोळ्या केल्या, डबा भरला. सकाळची एसटी मी सोडली, कारण हा नेऊन घालणार होता. हा मात्र जीपच्या काचेवर कॅमेरा बसवत होता. तो बसेना, मग बसला, मग पुन्हा काढला. दुपार झाली. मी विचारलं तर म्हणाला, "घाई काऊन करतं? ट्रेलनं जाऊ."

ट्रेल म्हणजे त्यानं उन्हाळाभर खपून घळीतून पलीकडे काढलेली वाट. पाहुण्यांना नुसत्या खड्ड्यांचा कंटाळा येतो, त्यांना कुठेतरी पोचायचंही असतं. म्हणून आमच्या बरडावरून उतरायचं, घळीतून जायचं आणि पलीकडचा चढ चढून माझ्या माहेरच्या शिवारात निघायचं. अजून तिच्यावरून कुणी गेलं नव्हतं, आणि दोन दिवसांपूर्वी चांगला पाऊस झाला होता. मी नको म्हटलं.

"तुह्या माहेराचा रस्ता काढला म्या, अन तू तोंड वाकडं करतं?" तो म्हणाला.

मी डबा उचलला. दुपारनंतर एसटीही नव्हती. तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, हातात स्वतःचा वेगळा डबा. "मी येते," म्हणाल्या. "इवायाच्या, तुह्या बापाच्या बैलायले पोळी चारते. दोन वर्षं झाले, माह्या हातून कोन्या बैलाच्या तोंडात घास गेला नाही." मग जीपकडे बघून लेकाला म्हणाल्या, "पन तिले आवतन दिलं आहे म्या."

"आई, लोखंड आहे ते."

त्या जीपच्या पाया पडल्या आणि पुढच्या सीटवर बसल्या. गुडघे अजिबात वाकत नाहीत त्यांचे, मी खालून आणि नवऱ्यानं वरून अशा बसवल्या. मी मागे बसले. माझ्या मांडीवर दोन्ही डबे.

उतार बरा गेला. घळीच्या तळाशी थोडं पाणी होतं, तेही पार झालं. नवरा स्वतःशीच बोलत होता, म्हणजे कॅमेऱ्याशी. पलीकडच्या चढाला लागलो आणि अर्ध्या वाटेवर ओला मुरूम सुटला. जीप आधी थांबली, मग थोडी थरथरली आणि मागे घसरायला लागली. मला आठवतं की सासूबाईंनी काहीतरी म्हटलं आणि मी डबे पोटाशी धरले. मागे एका धोंड्यावर दणकन आदळून जीप डाव्या अंगाला कलली आणि घळीच्या भिंतीला टेकून अडकली.

कुणाला लागलं नव्हतं. पण डावं दार भिंतीत गेलं होतं. उजवं दार वीतभर उघडायचं आणि खडकाला थटायचं. मागचं दार धोंड्यावर दाबलेलं. वर, गाडी उलटली तर डोकी फुटू नयेत म्हणून नवऱ्यानं हौसेनं बसवलेला लोखंडी पिंजरा. सुरक्षेला कुठे म्हणून कमी नव्हती. उरली ती ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी.

आणि नवरा खूश झाला! देवाशपथ सांगते, त्याचा चेहरा उजळला. कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "आता बघा, रिकव्हरी कशी करायची असते ते." फसलेली गाडी बाहेर काढण्याला ही मंडळी रिकव्हरी म्हणतात. मग खिडकीतून सरपटत बाहेर पडला.

जीपच्या पुढे विंच असतो, म्हणजे तारेचं रहाट. तार वर नेऊन झाडाला अडकवायची आणि बटण दाबलं की जीप स्वतःच स्वतःला ओढून घेते. नवरा तार घेऊन चढावर गेला आणि तिथे उभाच राहिला. त्या जागी एक जुनं हिवराचं झाड होतं. ट्रेल काढताना वाट अरुंद होते म्हणून यानंच ते उन्हाळ्यात तोडलं होतं. मग त्यानं एका बोरीच्या खोडाला हुक लावला. बटण दाबलं तशी बोर मुळासकट उपटून खाली आली. जीप हलली ती आणखी भिंतीकडे. सासूबाई ओरडल्या, "राहू दे रे बापा!"

त्यानं फावडं घेऊन चाकापुढे खणलं, तर वरून मुरूम घसरून पुन्हा चाकापुढे. घळीत मोबाइलला रेंज नव्हती. शेवटी घामानं निथळत खिडकीशी आला. "ट्रॅक्टर घेऊन येतो," म्हणाला आणि गावाकडे निघाला.

मग आम्ही दोघी.

जीप कललेली असल्यामुळे सासूबाईंचा सगळा भार भिंतीकडच्या दारावर होता. काचेला लागून ओला मुरूम आणि त्यातून लोंबणारी कसलीतरी मुळं. मी मागच्या सीटवर पाय रोवून बसले होते, नाहीतर घसरून त्यांच्यावर गेले असते. जरा हललं की खाली कुठेतरी लोखंड कुरकुरायचं. आत वारा येत नव्हता. तापलेल्या इंजिनामुळे बोनेटवरचं लोणी वितळलं होतं आणि त्याचा हळदीसकट वास आत भरला होता. तो वास मला लहानपणापासून आवडतो. त्या दिवशी मी पदर नाकाला लावला.

"सांगितलं होतं म्या," सासूबाई म्हणाल्या. "आवतन दिल्यावर कामाले लावलं. ते काऊन हालन मंग?"

मी म्हटलं, "आत्याबाई, जीप मुरुमानं घसरली."

"हाव. मुरूम रोजच असते."

पलीकडून हलगी ऐकू यायला लागली, तेव्हा मला वेळेचं भान आलं. माहेरच्या गावात बैल मारुतीपुढे जमत होते. आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखाली जोड्या रांगेत उभ्या राहतात आणि माणसं एकमेकांवर झडत्या म्हणतात. झडती म्हणजे मोठ्यानं म्हणायचं चार ओळींचं गाणं, कुणाची थट्टा, कुणाला टोमणा, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून महादेवाचा गजर. झडत्या संपल्या की तोरण तुटतं, पोळा फुटतो, बैल घरोघर जातात. वारा आमच्याकडे वळला की शब्द नाही पण गजर स्पष्ट ऐकू येत होता. एक झाला. थोड्या वेळानं दुसरा. लहानपणी मी देवळाच्या ओट्यावरून हेच ऐकलं होतं, आणि आता त्याच गावाच्या उंबऱ्यावर पिंजऱ्यात बसून ऐकत होते.

नवरा परत आला तो पायीच.

"ट्रॅक्टर?" मी विचारलं.

"नाही देत." तो खडकावर बसला. "धुऊन हार घालून उभा केला आहे. म्हनते, कालच आवतन देल्लं त्याले, आज कामाले लावू? बायको घरात घेनार नाही म्हने. दुसराबी तेच म्हनते."

सासूबाई हसल्या. त्या अवस्थेत, दाराला चिकटून बसलेल्या, पोटभर हसल्या. "पाह्य," म्हणाल्या. "लोकायले समजते."

मी म्हटलं, "मंग तिकडे जा. माह्या बाबाकडे. चढ चढला की शिवारच लागते."

तो म्हणाला, "पोळ्याच्या दिवशी? सगळ्या गावासमोर सासऱ्याले सांगू, गाडी फसली म्हनून? पार्कवाला जावई मी!"

इतकी वर्षं मी त्या माणसाशी आवाज चढवून बोलले नव्हते. त्या दिवशी खिडकीतून डोकं बाहेर काढून जे तोंड सोडलं ते घळीत घुमलं. अडला हरी तर गाढवाचे पाय धरतो, तुले सासऱ्याचे धरता येत नाही? तुह्या मायचे गुडघे पाहिले का? माह्या बापाचा शेवटचा पोळा आहे हा, शेवटचा. मी तुह्याकडे काय मांगितलं दोन वर्षांत? आणखीही बरंच. तो उठला आणि चढ चढायला लागला. कॅमेरा जीपमध्येच राहिला होता, अजून चालू. ती फीत त्यानं पुढे कधी कुणाला दाखवली नाही.

तिकडे आणखी एक गजर झाला.

"तू जाय," सासूबाई अचानक म्हणाल्या. "खिडकीतून निंगतं तू, बारीक आहे. जाय पोरी, बाप वाट पाहत असन. मी बसते."

खरं सांगायचं तर मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी डबे बाजूला ठेवले, पुढे सरकले आणि खांद्यापर्यंत बाहेर आले. मोकळा वारा लागला. चढावर नवऱ्याच्या पावलांचे ठसे दिसत होते. पळत सुटले असते तर पोळा फुटायच्या आत देवळापुढे उभी असते. आणि मागून काहीतरी ओढलं गेलं. कुठे अडकलं म्हणून वळून बघितलं, तर माझा पदर सासूबाईंच्या मुठीत होता. त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. तोंडानं "जाय, जाय" चाललं होतं आणि मूठ पांढरी पडली होती.

मी परत आत आले. मी चांगली सून म्हणून थांबले असं कुणी समजू नये. त्यांची मूठ सुटेना म्हणून थांबले. मनात एवढा राग होता की तो पदर फाडून टाकावा असं वाटत होतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, असं काहीतरी आयुष्य झालं होतं माझं, आणि मला धरणारीच माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली होती.

मग तो मोठा गजर झाला. हलग्या एकदम वाजायला लागल्या, आरोळ्या, घुंगरं, सगळं एकात एक.

"फुटला," सासूबाई म्हणाल्या.

मी रडले. लहान मूल रडतं तशी तोंड उघडून रडले. त्या म्हणाल्या, "रड. इथं कोन ऐकते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "बैल इकले तवा मी तुले लय बोलली. लेकाले बोलता आलं नाही म्हनून तुले बोलली." माझं रडणं थांबलं.

आणि लगेचच वरून घुंगरांचा आवाज आला. मला वाटलं भास आहे, कारण पोळा फुटून पाणी प्यायलाही वेळ झाला नव्हता. मग चढाच्या टोकाला दोन शिंगांच्या जोड्या दिसल्या, लाल वार्निस लावलेल्या. त्यांच्यामध्ये माझे वडील, डोक्याला फेटा आणि स्वतःच्या खांद्यावर बैलांचं जू. मागे मान खाली घालून नवरा.

वडील खिडकीपाशी आले. वाकून आधी मला बघितलं, मग विहिणीला. "रांगेतून काढून आनले," म्हणाले. "झडत्या चालू होत्या. जावई आले, अन मंग थांबून काय करू?"

म्हणजे आपल्या शेवटच्या पोळ्याला ती जोडी तोरणाखालून गेलीच नाही.

"इहीनबाई, घाबरू नका," वडील म्हणाले. "जू टाकतो. दोन झटक्यात वर येते गाडी." आणि त्यांनी खांद्यावरचं जू खाली घेतलं. मी वडिलांना ओळखते. उभ्या जन्मात या माणसानं पोळ्याच्या दिवशी बैलाच्या पाठीवर हातसुद्धा जोरात ठेवला नव्हता. बैलांच्या खांद्यांवर आदल्या संध्याकाळची हळद अजून पिवळीधमक होती.

"इवाई," सासूबाई आतून म्हणाल्या, "काल आवतन दिलं ना तुम्ही त्यायले?"

"दिलं."

"मंग जू खाली ठेवा. जेवाले बोलावलं अन खांद्यावर जू देता? माह्यासाठी नोका करू हे. मी बसते अशीच. उद्यापर्यंत बसते."

वडिलांनी जू हळूच खडकाला टेकवून ठेवलं आणि फेट्याच्या शेवानं डोळे पुसले. मी बघितलं, माझा पदर मोकळा होता. मी खिडकीतून बाहेर पडले, डबे मागून घेतले. वडिलांनी एकेक बैल खडकाच्या कडेनं खिडकीशी आणला. त्या अडकलेल्या जीपमधून सासूबाईंनी हात लांब करून पुरणाची पोळी पुढे केली आणि बैलानं सगळं तोंडच खिडकीतून आत घातलं. शिंग लागून बाजूचा आरसा खळकन फुटला. नवरा खाली बसून तुकडे गोळा करायला लागला. सासूबाई बैलाच्या कपाळावरून हात फिरवत होत्या, "खाय माय, खाय" म्हणत होत्या, आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. मग मी माझ्या हातची पोळी चारली. माझ्या डोळ्यांदेखत जन्मलेल्या त्या बैलानं हात चाटला.

पूजा आटोपून माझ्या माहेरची माणसं पहारी घेऊन आली. त्यांनी दाराशी थटलेला खडक फोडला, मुरूम काढला आणि दिवस बुडायच्या आत सासूबाईंना उचलून बाहेर घेतलं. जीप मात्र तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरनं तिला ओढून काढलं. सासूबाईंचं म्हणणं होतं की तिनं आपलं आवतन बरोबर पाळलं.

जोडी पुढच्या बाजारात गेली. ट्रेल नवऱ्यानं दुरुस्त केली, वर चढावर सिमेंटमध्ये लोखंडी खुंटा रोवला, आणि आता तीच आमच्या पार्कची सगळ्यात नावाजलेली वाट आहे. लोक घळीतून वर चढतात, माझ्या माहेरच्या देवळापुढे फोटो काढतात आणि माझ्या हातचं जेवायला परत येतात. मला येऊन सांगतात, "ताई, पलीकडचं गाव फार सुंदर आहे हो." मी भाकरी उलटते आणि हो म्हणते. जीपमध्ये मी पुन्हा बसले नाही. टेकाडावर कपडे वाळत घालते, कळस दिसतो.

पुढच्या पोळ्याला सुट्ट्या जोडून आल्या. नवरा आदल्या दिवशी म्हणाला, "एकच ग्रुप आहे. मोठा आहे. नाही म्हनता नाही आलं." मी पिठाचा डबा खाली काढला. भांडायचंही एक वय असतं, किंवा एक जागा असते, आणि ती घळीतच राहिली बहुतेक. संध्याकाळी मी शेडमध्ये दुसऱ्या दिवशीसाठी पीठ चाळत बसले होते. सासूबाई लोण्याची वाटी घेऊन येताना दिसल्या. मला वाटलं, गोठ्याकडे चालल्यात, जीपला आवतन द्यायला.

त्या माझ्यामागे येऊन थांबल्या. वाकता येत नाही म्हणून एक हात माझ्या डोक्यावर टेकला. दुसऱ्या हातानं माझा पदर बाजूला सारला आणि माझ्या खांद्याला लोणी-हळद चोळली. आधी डाव्या, मग उजव्या. बोटं खरखरीत होती आणि चांगली दाबून चोळत होती. मी चाळणी धरून तशीच बसले.

"आज आवतन घे," त्या म्हणाल्या. "उद्या जेवाले जाय."

मग लेकाला हाक मारली. "हिले आवतन दिलं म्या. उद्या हिले कोनी काम सांगाचं नाही."

"आई, लोक येऊन राह्यले! भाकरी कोन थापन?"

"तू थाप. रिकव्हरी करता येते ना तुले?"

सकाळच्या एसटीनं मी निघाले. फाट्यावर उभी असताना ट्रॅककडे जाणाऱ्या मोठमोठ्या जीपा धूळ उडवत गेल्या आणि कुणी मला ओळखलं नाही. बसमध्ये ब्लाउजच्या खांद्यावरचा पिवळा डाग झाकत मी बसले होते. आनंद झाला होता, आणि तितकाच संताप. एक दिवस. बैलाला मिळतो तेवढाच.

वडील अंगणात उभे होते. त्यांच्यामागे गोठा रिकामा, झाडून ठेवलेला, दावणीला हार घातलेला. शेजारच्या काकूंनी त्यांना पुरणाच्या पोळ्या आणून दिल्या होत्या. मला बघून म्हणाले, "बरं झालं बाई. कोनाले चारू म्हनून पाहत होतो." त्यांनी मला पाटावर बसवलं आणि खांद्यावरची हळद बघितली. ताटात पोळी वाढली, वर तूप सोडलं आणि समोर बसून राहिले.

मी मान खाली घालून खात होते. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता.